गाडीचे वायपर ब्लेड बदलताना : नाशिकच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला पाऊस रात्री पडून गेला की दुसऱ्या दिवशी शटर वर करायच्या आधीच दुकानासमोर चार गाड्या उभ्या असतात. चौघांचं वाक्य एकच: "काल काहीच दिसत नव्हतं हो." त्यानंतरचे प्रश्नही दरवर्षी तेच. स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसून तीच उत्तरं देऊन घसा सुकला, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

वायपर वर्षभर वापरलेच नाहीत, मग खराब कसे झाले?

वापरले नाहीत म्हणूनच. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोकांना वाटतं मी माल खपवतोय. पण बघा, आपल्याकडे पाऊस जेमतेम चार महिने. उरलेले आठ महिने ते रबर एकाच जागी, एकाच बाजूला दबून, काचेला चिकटून पडलेलं असतं. मार्च ते मे नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या गाडीची काच त्याहून कितीतरी जास्त तापते. ऊन आणि हवेतला ओझोन रबराची लवचिकता खातात, उष्णता ते कडक करते. वायपर पावसात झिजतो कमी, उन्हात मरतो जास्त.

काम कसं चालतं ते एकदा डोळ्यांनी बघा. वायपरची दांडी उचला आणि रबराची खालची कड बोटाने हलकेच इकडून तिकडे ढकला. त्या कडेच्या वर एक बारीक मान असते. वायपर उजवीकडे निघाला की कड डावीकडे झुकून मागून ओढली जाते. परत फिरला की ती टुणकन उलटून दुसरीकडे झुकते. पाणी पुसलं जातं ते या उलटण्यामुळे. कडक झालेलं रबर उलटतच नाही. मग जाताना काच स्वच्छ आणि येताना फरफट. तुमचा वायपर एका दिशेने बरा आणि दुसऱ्या दिशेने वाईट पुसत असेल, तर निदान झालं समजा.

किती दिवसांनी बदलायचे?

गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर दर वर्षी. पार्किंगला छप्पर असेल तर काहींचे दोन पावसाळे निघतात. मे संपताना एकदा तपासून घ्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे नेमका तुमचाच साइज संपलेला असतो, हा अनुभव आहे.

तपासणी सोपी आहे. ओल्या फडक्याने रबर पुसा, मग नखाने कड चाचपा. बारीक चिरा, तुटलेले तुकडे, एका बाजूला कायमची वाकलेली कड किंवा टोकाशी पट्टीतून सुटलेलं रबर, यातलं काहीही सापडलं तरी बदला.

काचेवर रेघा येतात म्हणजे ब्लेडच गेलं ना?

निम्म्या वेळा नाही. काचच घाण असते.

मागे पिंपळगावकडचे एक बागायतदार काका दोन महिन्यांत तिसरी जोडी मागायला आले. मी जोडी दिली नाही, काचेवरून हात फिरवला. सँडपेपर! छाटणीनंतर द्राक्षबागेत बोर्डोची फवारणी चाललेली असते. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. ट्रॅक्टरच्या ब्लोअरमधून उडणारे तुषार बांधावर उभ्या गाडीवर बसतात, वाळतात आणि काचेवर निळसर पांढरे ठिपके घट्ट धरून राहतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव या पट्ट्यात रोज ये-जा असेल तर तुमच्याही काचेवर ते असणार. शहरात तेच काम बोअरचं पाणी करतं: गाडी धुतली, पुसली नाही, उन्हात वाळली की क्षारांचे गोल डाग. त्यात सध्या सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी खणलेले रस्ते आणि सिमेंटची धूळ.

अशा काचेवर कितीही महागडं ब्लेड लावा, आठवड्यात त्याची कड खरवडून निघेल. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडक्याने चोळा, दोन मिनिटं थांबा, भरपूर पाण्याने धुऊन टाका. व्हिनेगर गाडीच्या रंगावर ओघळू देऊ नका. डाग निघाले का हे डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून काचेवरून बोटं फिरवा, बारीकसा खडाही जाणवतो. काका त्या दिवशी ब्लेड न घेताच गेले. माझं गिऱ्हाईक गेलं, पण चार महिन्यांनी भाच्याला पाठवलं त्यांनी.

साइज कसा ओळखायचा?

जुन्या ब्लेडची रबराची लांबी टोकापासून टोकापर्यंत टेपने मोजा. दांडी मोजू नका. माप इंचात सांगा, कारण बाजार इंचात बोलतो. टेप सेंटिमीटरचा असेल तर अडीचने भागा: ५५ सेंटिमीटर म्हणजे २२ इंची, ४० म्हणजे १६ इंची. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरकडचं ब्लेड लांब आणि शेजारचं आखूड असतं. नॅनोसारख्या गाडीला तर एकच वायपर होता, तिथे हा घोळच नव्हता.

पण थांबा, आधीच्या मालकाने चुकीचं माप लावलेलं असू शकतं. जुनी गाडी घेतली असेल तर गाडीसोबतची पुस्तिका किंवा ब्लेडच्या पुड्यामागचा तक्ता बघून ताळा करा. तक्त्यात गाडीचं नुसतं नाव बघून चालत नाही, सालही बघा. नाव तेच राहतं, नव्या मॉडेलची काच बदलते.

इंटरनेटवर ड्रायव्हर साइड २६ लिहिलं होतं, पण बसत नाही. असं का?

तक्ता अमेरिकेचा असणार. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपल्याकडे ती बाजू शेजारच्या सीटची. परदेशी तक्त्यातले डावे-उजवे आकडे कधी अदलाबदल करून लागू पडतात, कधी तेवढ्यानेही पडत नाहीत. घरचा टेप बरा.

एक इंच मोठं घेतलं तर जास्त काच पुसली जाईल ना?

नाही. मोठं ब्लेड एकतर कडेच्या बीडिंगवर आपटतं, नाहीतर दोन्ही ब्लेड मधोमध एकमेकांना भेटतात आणि तो खटखट आवाज ऐकून तुम्ही मोटरच उघडायला नेता. शिवाय समोरची काच टोकाला गोलाई घेते; लांब ब्लेडचं टोक तिथे हवेत राहतं. अगदी अडलं तर एक इंच आखूड चालेल, कडेला चिंचोळी पट्टी न पुसलेली राहील एवढंच.

हूक म्हणजे काय, आणि माझ्या गाडीला कोणता लागतो?

लांबी बरोबर असूनही ब्लेड परत येतात ती याच्यापायी. दांडीचं टोक ब्लेडला ज्या आकाराने धरतं तो हूक. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना यू हूक असतो, म्हणजे छत्रीच्या मुठीसारखी वळवलेली पट्टी. जुन्या गाड्यांना आणि ट्रकना बाजूने घुसणारी पीन किंवा सरळ पट्टी असते. वरच्या किमतीच्या बऱ्याच गाड्यांना बटण दाबून सुटणारं किंवा दोन्ही बाजूंनी चिमटून काढायचं क्लॅम्प असतं, आणि तिथे यू हूकचं ब्लेड जन्मात बसत नाही. पुड्यात चार-पाच क्लिपा असतात त्या यासाठीच. फेकून देऊ नका.

सांगता येत नसेल तर दांडी काचेपासून उचला, जोडाचा मोबाइलवर बाजूने फोटो काढा आणि दुकानदाराला दाखवा. माझ्या दृष्टीने गाडीच्या नावापेक्षा हा फोटो मोलाचा आहे. लांबी आणि हूक जुळले की ब्लेडची निवड ऐंशी टक्के झाली, बाकी पैशांचा प्रश्न.

फ्रेमचे घ्यावेत, फ्लॅट घ्यावेत की हायब्रिड?

फ्रेमचे म्हणजे जुन्या पद्धतीचे: लोखंडी सांगाडा, त्याला सांधे, सांध्यांनी चार-सहा ठिकाणी पकडलेलं रबर. स्वस्त, सहज मिळणारे आणि कमी गोलाईच्या काचेवर उत्तम. खोट एवढीच की सांध्यांत धूळ आणि चिखल बसतो, गंज चढतो, मग दाब सारखा पडत नाही आणि मधे न पुसलेले पट्टे सुटतात.

फ्लॅट ब्लेडमध्ये सांगाडा नसतो. रबराच्या पाठीत कमानीसारखी वाकवलेली पोलादी पट्टी असते, ती पूर्ण लांबीभर सारखा दाब देते. महामार्गावर वाऱ्याने उचलली जात नाही. पण तिची कमान तुमच्या काचेच्या गोलाईशी जुळायला हवी, आणि स्वस्तातल्या फ्लॅट ब्लेडचं गाडं इथेच अडतं: मधोमध झकास, दोन्ही टोकं हवेत. बसवल्यावर बाजूने बघा. टोकाखालून उजेड दिसला तर परत करा.

हायब्रिड म्हणजे फ्रेमवर प्लॅस्टिकचं आवरण. काही गाड्यांना कंपनीतूनच येतात. तसे असतील तर तसेच घ्या, नसतील तर हौस म्हणून घेण्यात अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर गाडी शहरातच फिरत असेल, सिडको ते सातपूर आणि रविवारी सोमेश्वर, तर चांगल्या प्रतीचे फ्रेमचे पुरेत. मुंबईला आठवड्याला जाणं असेल, किंवा त्र्यंबक-इगतपुरीकडे घर असेल, तर फ्लॅट घ्या. इगतपुरीचा पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट असतो. तिथे वायपर मिनिटभर थांबवायची सोय नसते.

सिलिकॉनचं रबर खरंच टिकतं का?

ऊन सोसतं, हे खरं. साध्या रबरापेक्षा जास्त टिकतं आणि काचेवर पातळसा थर सोडतं, त्यामुळे पाणी मण्यांसारखं घरंगळतं. महाग आहे आणि काच आधी नीट साफ केली नसेल तर सुरुवातीला थरथरतं. ग्राफाइट चोपडलेलं साधं रबर हा मधला मार्ग. पहिल्यांदा काळपट भुकटी निघते, त्याला घाबरू नका.

कुठल्या कंपनीचे चांगले?

नाव घेत नाही. दोन गोष्टी मात्र सांगतो. एक, "आपल्या मायकोचेच द्या" म्हणणारे अजून येतात. मायकोचं नाव बॉश झालं तरी नाशिककर चौकाला मायको सर्कलच म्हणणार, ते ठीक; पण सातपूरचा कारखाना डिझेलच्या इंजेक्टर-नॉझलसाठी ओळखला जातो, वायपरसाठी नाही. गावचा माल म्हणून घेऊ नका, आवडला तर घ्या.

दोन, पुड्यावर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेला असतो, तो वाचा. पाकीटबंद मालावर तो छापणं कायद्याने बंधनकारक आहे. वर्षभर आतला असेल तर बिनधास्त घ्या. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात टांगून ठेवलेला पुडा मात्र नको, आतलं रबर तिथेच म्हातारं झालेलं असतं. आतला मागा. नकली मालात छपाई अंधुक, पुड्यावर किंमत नाही आणि हातात घेतल्यावर रबराची कड लाटेसारखी वाकडी. एका डोळ्याने बंदुकीच्या नळीकडे बघतात तसं बघितलं की दिसते.

सिग्नलवर पोरं नुसतं रबर बदलून देतात, ते करावं का?

फ्रेमच्या वायपरला रबर बदलणं ही मुळात चांगली आणि काटकसरीची गोष्ट आहे. सांगाडा धड असेल, सांधे मोकळे असतील तर मीही तेच सुचवतो. पण सिग्नलवर साठ सेकंदांत ते नीट होत नाही. रबराच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या बारीक पट्ट्या असतात. त्या एकमेकींसारख्याच वाकल्या पाहिजेत, त्यांच्या खाचा रबराच्या गाठीत बसल्या पाहिजेत आणि शेवटचा पंजा आवळला पाहिजे. एवढं झालं नाही तर भर पावसात रबर सापासारखं बाहेर येतं आणि उघडी पट्टी काचेवर अर्धवर्तुळ कोरते. तो ओरखडा मग जन्माचा.

एकच बदलला तर चालेल?

दोन्ही बदला. दोघांनी ऊन सारखंच खाल्लंय.

घरी बसवता येतात का?

येतात, पाच मिनिटांचं काम आहे. पण आधी काचेवर जाड टॉवेल अंथरा. हे मी पोटतिडकीने सांगतो, कारण माझ्या हातून एक काच गेलेली आहे. ब्लेड काढलं, उघडी दांडी उभी ठेवून पुडा फोडायला वळलो, कोणाचा तरी धक्का लागला आणि स्प्रिंगने दांडी खाडकन काचेवर. खालून वर सरळ भेग. ब्लेडच्या नफ्यात ती काच बसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

यू हूक असेल तर ब्लेड दांडीला काटकोनात वळवा, मधली खिट्टी दाबा आणि ब्लेड दांडीच्या मुळाच्या दिशेने ढकला, हुकातून सुटेल. नवं उलट्या दिशेने ओढा, "टक" आवाज आलाच पाहिजे. आवाज नाही आला तर ते बसलेलं नाही, भले हातात घट्ट वाटो. रबरावर पिवळं-पांढरं प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर काढायला विसरू नका. कव्हरासकट वायपर चालवून "नवीनच खराब निघाले" म्हणत आलेली मंडळी मी पाहिली आहेत. शेवटी काच ओली करून चार फेऱ्या मारा.

ज्या गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात तिथे दांडी जोर करून उचलू नका, बॉनेटचा रंग उडेल. त्यांना उभं करायची खास पद्धत असते, पुस्तिकेत दिलेली असते.

नवे लावूनही थरथर आणि कचकच आवाज येतो, का?

काचेवर मेण, पॉलिश किंवा तेलकट थर असेल. वॉशिंग सेंटरवाल्याने बॉडीचं पॉलिश काचेवरही मारलं की हमखास होतं. भांड्याच्या साबणाने काच धुवा, रबर ओल्या फडक्याने पुसा. तरी थांबलं नाही तर दांडी पिळवटलेली आहे. वायपर काचेच्या मध्यावर असताना चावी बंद करा आणि बाजूने बघा: रबर काचेवर काटकोनात उभं दिसायला हवं. कललेलं असेल तर ते एका दिशेने घसरतं आणि दुसऱ्या दिशेने उड्या मारतं. दांडी सरळ करणं मेकॅनिकचं काम, पक्कड घेऊन तुम्ही सुरू होऊ नका. आणि वायपर मंद फिरत असेल किंवा दांडी मधेच सैल पडत असेल तर ब्लेडचा दोष नाहीच. मुळाशी असलेला नट, सांधे, मोटर या क्रमाने बघायला सांगा.

मागच्या काचेचा वायपर?

त्याचं माप आणि क्लिप दोन्ही वेगळी, बऱ्याचदा दांडीही प्लॅस्टिकची. जोर लावला की मोडते. गाडी घेऊनच या.

उन्हात वायपर उभे करून ठेवावेत का?

लोक करतात. मला पटत नाही. शेजारचं पोर ओढतं, पतंगाचा मांजा अडकतो, स्प्रिंग ताणलेली राहते. त्यापेक्षा गाडीचं तोंड सावलीकडे करा किंवा ब्लेडसकट काच झाकेल असं कापड टाका. वडाखाली मात्र नको. त्याचा चीक काचेवर वाळला की निघता निघत नाही.

वॉशरच्या टाकीत काय घालू?

स्वच्छ, मऊ पाणी आणि वॉशरसाठी मिळणारं द्रावण. घरच्या आरओतून वाया जाणारं पाणी घालू नका! काटकसर म्हणून बरेच जण घालतात, पण त्या पाण्यात वेगळे काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात. कारंज्याची भोकं बुजतात आणि काचेवर पांढरं सारवण होतं. बुजलेलं भोक बारीक सुईने मोकळं होतं. कपड्याची पावडरही नको, फेस वाळून चिकटतो.

निफाड-सिन्नरकडे हिवाळ्यात पहाटे काचेवर दव आणि दवावर धूळ असते. तिच्यावर कोरडा वायपर चालवलात तर तो चिखल कानशीसारखा घासला जातो. आधी पाणी, मग वायपर.

रबराला खोबरेल किंवा रॉकेल लावलं तर मऊ होईल?

दोन दिवस होईल. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांनी रबर फुगतं आणि नंतर लिबलिबीत होऊन सुटतं. खोबरेलाने काच तेलकट होते आणि रात्री समोरच्या ट्रकचे दिवे पसरट दिसतात. काचेवर ओली तंबाखू चोळण्याची ट्रकवाल्यांची जुनी युक्ती मात्र अगदीच खोटी नाही. थेंब न राहता पाणी पसरून वाहतं. वायपर बंद पडल्यावरचा तो तात्पुरता उपाय आहे, रोजचा नाही.

कसारा घाटात काहीच दिसत नाही, वायपर तर नवे आहेत?

बोटाने काचेला आतून रेघ मारा. रेघ उमटली तर वाफ आत धरलीय, वायपर तिला काय करणार? एसी लावा, वारा समोरच्या काचेवर सोडा. आतली काचही कधीमधी पुसत जा, डॅशबोर्ड तापून तिच्यावर तेलकट पापुद्रा चढतो. इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून बरेच जण समृद्धी महामार्गाने जातात. तिथे घाट टळतो, पण संध्याकाळी वेगात किडे काचेवर फुटतात. ते कोरड्या वायपरने पुसले की दुधी काच तयार. थांबा, पाण्याने भिजवा, मग पुसा.

वायपर नसला तर नियमाने चालतं का?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०१ व्या नियमानुसार समोर काच असलेल्या गाडीला नीट चालणारा वायपर लागतोच. टॅक्सी, टेम्पोवाल्यांनी फिटनेसला जाण्याआधी तपासून घ्या, तपासणीत वायपर असतो.

वाटेतच उजवीकडचा तुटला, दुकान जवळ नाही. काय करू?

गाडी कडेला सुरक्षित घ्या. हूक सारखा असेल तर डावीकडचं ब्लेड काढून उजवीकडे, म्हणजे तुमच्या समोर लावा. आखूड असेल, असू द्या. आता डावी दांडी उघडी पडली. ती तशीच चालली तर काच कोरेल. तिच्या टोकाला जाड कापड घट्ट गुंडाळून बांधा आणि वायपर सर्वांत कमी वेगावर ठेवा. एक गृहस्थ इगतपुरीहून असेच आले होते: डाव्या दांडीवर मुलाचा शाळेचा मोजा, वर दोन रबर बँड. काचेवर ओरखडा नव्हता. नवी जोडी लावून दिली, पैसे दिले, गाडी निघालीही, आणि मग कोपऱ्यावरून मोजा मागायला परत आले.